भरल्या पोटाचा ट्रॅक्टर

मागल्या खरिपात नागुबाईच्या रानात सोयाबीन उगवलं ते पट्ट्यापट्ट्यानं. जिथून जिथून ट्रॅक्टरचं मागचं चाक गेलं होतं, तिथं जमीन सारवलेल्या अंगणासारखी घट्ट आणि बोडकी. मधल्या जागेत तेवढं पीक. बांधावरून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी सतरंजी अंथरून ठेवली आहे. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "नागुबाई, औंदा नवीन डिझाईन काढलंय का?" नागुबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण ती आग काढावी कुणावर, हेच तिला कळत नव्हतं. चोर असता तर शिव्या घातल्या असत्या, दुश्मन असता तर पंचायत बोलावली असती. इथं वाईट वागलेला माणूसच कुणी नव्हता, आणि रान मात्र मरत होतं.

रान तेरणेकाठचं, गाळाचं. अशा मातीवर वीटभट्टीवाल्यांचा डोळा असतोच. लातुरात त्या सालांत क्लासेसचं पेव फुटलेलं. गल्लोगल्ली होस्टेलं उठत होती, होस्टेलांना विटा पाहिजेत आणि विटांना माती. नागुबाईच्या बांधाला लागून महेबूबचं रान होतं. होतं म्हणायचं, कारण दोन सालांमागं त्यानं ते वीरण्णाच्या भट्टीला मातीसाठी देऊन टाकलं. आता तिथं पुरुषभर खोल खड्डा होता आणि पावसाळ्यात त्यात म्हशी डुंबायच्या. नागुबाई त्या बाजूला पाठ करूनच काम करायची. भूकंपानं घरं घेतली, माणसं घेतली, रान तेवढं जागच्या जागी ठेवलं, ते माणसानं आपल्या हातानं उकरून द्यावं हे तिला अजिबात पटलं नव्हतं. तोंडावर ती महेबूबला काही बोलली नाही. मनातून मात्र त्याच्यावर फुली मारून मोकळी झाली.

आणि आता तीच पाळी तिच्यावर आली होती. लेक सुगत लातूरला एका क्लासच्या होस्टेलवर देखरेखीला होता. दिवाळीला आला, पट्टे बघितले आणि म्हणाला, "आई, हे रान आता पीक देईना गेलंय. वीरण्णा मागायलाय, देऊन टाका अन् लातूरला चला." केरबा, तिचा नवरा, भिडस्त माणूस. लेकाला सरळ नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं सांगितलं, "एक साल बघू. औंदा बी पट्टे पडले तर देऊ." शब्द देऊन मोकळा झाला! रान सासऱ्याकडून आलेलं खरं, पण त्यातला दगडन् दगड नागुबाईनं वेचलेला. तिला विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आता हे पट्टे पडत का होते, ते सांगायला हवं. त्यासाठी बैलांपासून सुरुवात करावी लागेल.

भूकंपाच्या आधी केरबाकडं एक बैल होता आणि महेबूबकडं एक. एका बैलानं औत चालत नाही, म्हणून दोघांची सावड होती. दोन्ही बैल एकत्र जुंपायचे, आज याचं रान, उद्या त्याचं. सावडीला एक रीत होती आणि ती दोघांच्याही बापांपासून चालत आलेली. आपल्याकडून जोडी दुसऱ्याच्या दारात न्यायची ती पोट भरून आणि पाणी पाजून. उपाशी जनावर पाठवणं म्हणजे समोरच्या घराची बेअदबी. आणि आलेल्या जनावराला नाव ठेवायचं नाही. भूकंपाच्या पहाटे दोन्ही बैल गोठ्याखाली गाडले गेले. पुढं दोघांनी मिळून एक ट्रॅक्टर घेतला, आणि बैलांची सावड ट्रॅक्टरला लागू झाली. रीतसुद्धा तशीच लागू झाली, तिथंच सगळा घोळ झाला.

कारण ट्रॅक्टरला पोट कुठलं? डिझेलची टाकी म्हणावी तर ती दोघंही भरायचेच. पण तेवढ्यानं या दोघांचं समाधान होईना. मग त्यांनी पोट शोधून काढलं. पोट म्हणजे टायर. महेबूब रस्त्यावर ट्रॉली हाकायचा. केरबाची पाळी आली की तो किल्लारी पाटीवर, म्हणजे फाट्यावर, पंक्चरच्या दुकानात थांबायचा आणि टिचकी मारली की वाजेल इतकी हवा मारून आणायचा. ओढ चांगली यावी म्हणून मागच्या टायरांत पाणीही भरलेलं असायचंच, म्हणजे जनावराला पाजून झालं. केरबासुद्धा कमी नव्हता. दिवसभर रानात राबून ट्रॅक्टरचा दम कमी झाला असेल म्हणून संध्याकाळी हातपंप घेऊन बसायचा. भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावातल्या त्यांच्या घरापुढं नवरा-बायको पाळीपाळीनं पंप मारायचे. नागुबाई पदर खोचून मारायची, घामानं चोळी भिजायची. एकदा महेबूबची बायको अख्तरी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा नागुबाईनं हसत हसत तिला ऐकवलं होतं, "बघ गं अख्तरी, उपाशी न्हाई देत आमी!" अख्तरी पंपाकडं बघत उभी राहिली आणि आल्या पावली परत गेली. पंप मारून झाला की केरबा टायरला लाथ घालायचा. पाय दुखला की समजायचं, पोट भरलं.

आणि किती हवा पाहिजे, हे काही गूढ नव्हतं. सुगतनं दिवाळीतच लातूरच्या मेकॅनिकला विचारून सांगितलं होतं. रस्त्यावर मागच्या टायरात वीस पौंड, रानात बारा. टायर जरा पसरलं पाहिजे, म्हणजे भार पसरतो आणि माती दबत नाही. ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तकातही तेच छापलंय म्हणे. त्यानं हवा मोजायचं मीटरही आणून दिलं. केरबानं ते टायरला लावलं तर काटा अठ्ठावीसच्या पुढं जाऊन थरथरायला लागला.

"मग सोडा की हवा," नागुबाई म्हणाली.

"सोडू कशी? म्हेबूब इतक्या मायेनं भरून आणतो. पोटातलं काढून घ्यायचं? जनावराला ओकायला लावायचं का?"

"अहो, जनावर कुठं हाय ते? लोखंड हाय!"

"लोखंड असू दे. रीत हाय ना."

"मग त्यांना सांगा, कमी भरा म्हणून."

"असं कसं सांगू? 'तू जास्त जेवू घालतोस' म्हणून कुणी कुणाला सांगतं का?"

हे असं! आख्खा हिवाळा आणि आख्खा उन्हाळा नागुबाईनं या माणसापुढं डोकं फोडलं. ती म्हणायची सांगा, तो म्हणायचा सांगतो. पाटीवर जाऊन महेबूबबरोबर चहा पिऊन यायचा आणि न सांगताच यायचा. विचारलं की म्हणायचा, आज बोलण्यात तो विषय निघाला नाही. ती स्वतः सांगायला निघाली तर तिला उंबऱ्यात अडवायचा, "आमच्या दोघांतलं हाय, तू पडू नको." मीटर फडक्यात गुंडाळून पेटीत गेलं. नागुबाईला वाटायचं, हा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

औंदा मृगात ओल चांगली झाली. पेरणीच्या सकाळी महेबूब ट्रॅक्टर लावून गेला. नागुबाईनं टायरला टिचकी मारली. वाजलं. तिनं केरबाकडं बघितलं. केरबानं आभाळाकडं बघितलं.

पेरणीयंत्रात बी भरून पेर सुरू झाली. नागुबाई मागून चालत होती. चाकाच्या चाकोरीत पाय टाकला की टाच आत जात नव्हती, जणू काही डांबरी सडकेवरून चाललीय. ओल्या गाळावर ते टणक टायर जात होतं आणि मातीचा दम कोंडत होतं. एकेका तासाला, म्हणजे पेराच्या ओळीला, तिचं काळीज तुटत होतं. बी हे शेवटचं होतं, दुबार पेरायला घरात दाणा नव्हता, आणि पट्टे पडले की रान वीरण्णाचं. आपल्या डोळ्यांदेखत आपलं रान जातंय आणि घालवणारा आपलाच नवरा गाणं गुणगुणत ट्रॅक्टर हाकतोय, हे बघून तिला रडू येत होतं ते रागानं.

बांधावरच्या बाभळीपर्यंत पेर आली तेव्हा केरबा भाकरी खायला उतरला. तो सावलीत पाठ करून बसला आणि नागुबाईचा धीर सुटला. तिनं लिंबाची काडी मोडली, मागच्या चाकापाशी गेली आणि व्हॉल्व्हमध्ये काडी दाबली. व्हॉल्व्ह खालच्या अंगाला होता. हवा यायच्या ऐवजी पाण्याची चिळकांडी थेट तिच्या तोंडावर उडाली. डोळ्यांत गेलं, नाकात गेलं, गंजाचा वास. पण आता माघार नाही. तिनं तसंच दाबून धरलं, पाणी गेलं, मग फस्स करून हवा. दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. मीटर घरी पेटीत. नजरेनंच बघत होती. टायर खाली बसून दोन्ही अंगांनी जरा सुटलं, तेव्हा ती थांबली. बारा झाले असतील असं तिला वाटलं. बारा कुठले, चार-पाचसुद्धा राहिले नसतील.

केरबा जेवून आला, चढला आणि निघाला. थोडा वेळ झकास चाललं. नागुबाईनं चाकोरीत टाच टाकून बघितली, माती भुसभुशीत लागली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण पुढच्या वळणाला यंत्र ओढताना चाकाला जोर पडला. ढिलं टायर रिमवर जागच्या जागी फिरलं, आतली ट्यूब पिळली गेली आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटला. उरलंसुरलं पाणी भसाभस पेरलेल्या तासात गेलं आणि ट्रॅक्टर एका अंगाला कलून बसला.

केरबा खाली उतरला. चाकाकडं बघितलं, बायकोच्या भिजलेल्या पदराकडं बघितलं, आणि पाटीकडं चालायला लागला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुपार कलता कलता महेबूब जीपनं केरबाला, नवी ट्यूब आणि सामान घेऊन आला. चाक उतरवलं, टायर काढलं, पिळलेली ट्यूब हातात धरून बघितली.

"यात हवाच न्हवती," तो म्हणाला. "सकाळी तर मी फुल भरून दिली."

"बसली असंल आपोआप," केरबा पुटपुटला.

"आपोआप न्हाई बसली," नागुबाई म्हणाली. "मी सोडली."

महेबूबनं वर बघितलं. "कामून, वैनी?"

बस्स. एवढ्या दोन शब्दांवर तिचा बांध फुटला. "कामून? या पट्ट्यांपायी! तुमी दगडावाणी भरून आणताव अन् हे तोंडाला कुलूप लावून तसंच हाकतेत. रानाला बारा पौंड लागती, तुमी अठ्ठावीस घालताव. तुमच्या मायेनं माझं रान मरायलंय, भाऊजी! औंदा पट्टे पडले की वीरण्णाला द्यायचा शब्द देऊन बसलेत हे. पन तुमाला सांगायचं न्हाई, तुमाला वाईट वाटंल! मला काय वाटतं ते कुणी विचारलं का?"

केरबा जमिनीत नजर रुतवून उभा. महेबूब ट्यूब मांडीवर घेऊन ढेकळांत खाली बसला.

"बारा लागती हे मला ठावं होतं, वैनी," तो म्हणाला. "पाटीवरच्या पंक्चरवाल्यानं पहिल्याच साली सांगितलंय."

नागुबाईला आपण नीट ऐकलं का असं वाटलं. "ठावं होतं? मग भरून कशापायी देताव?"

"मला वाटायचं, दादा लागंल तशी सोडून घेत्याल. मी आपल्या हातानं उपाशी कसा देऊ?"

"अन् मला वाटायचं," केरबा म्हणाला, "सोडली तर तुझा अपमान होईल."

नागुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. दोघांनाही कळत होतं! दोघेही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले होते आणि मधे तिचं रान उताणं पडलं होतं. तिला दोघांनाही एकाच काठीनं झोडपावं असं वाटलं.

"पन वैनी," महेबूब म्हणाला, "एकट्या तुमच्याच रानाला न्हवते पट्टे. माझं रान होतं तवा माझ्याबी पडायचे. दादा पंप मारून मारून आणून द्यायचे, अंगाला नुसता घाम. त्या घामाची हवा मी सोडू कशी? न्हाई सोडली. पीक यायचं बंद झालं, मग दिलं वीरण्णाला." त्यानं ट्यूबवरची माती अंगठ्यानं पुसली. "आता त्याच रानाच्या विटा याच ट्रॅक्टरनं लातूरला न्यायलोय."

दोन सालं जिकडं पाठ करून काम केलं त्या खड्ड्याकडं नागुबाईनं वळून बघितलं. महेबूबवर मनात फुली मारून ती बसली होती, आणि त्याच्या रानावर फुली मारणारा पंप तिच्याच घरातला. ती हवा भरताना तिच्या तळहाताला फोड आले होते. त्या फोडांचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता.

महेबूबनं ट्यूब घातली, टायर चढवलं, पंप लावला. थोडी हवा झाल्यावर त्यानं हात थांबवला आणि विचारलं, "दादा, किती ठेवू?"

केरबानं मान हलवली. "ठेव तुझ्या मनानं."

"तुमच्या मनानं काय?" नागुबाई कडाडली. "बारा ठेवा, बारा! दोघांनीबी बारा म्हना माझ्यापुढं!"

दोघं म्हणाले. शाळेतल्या पोरांसारखे म्हणाले. केरबानं घरी जाऊन मीटर आणलं, दोन्ही चाकांचा काटा बारावर आणला, आणि बाभळीच्या पलीकडचं रान दिवस मावळेस्तोवर पेरून झालं.

बी उगवून वर आलं त्या रविवारी सुगत वीरण्णाला घेऊन रानात आला. महेबूब आणि अख्तरीही बघायला आले होते. बाभळीच्या अलीकडं ठरलेले पट्टे होतेच. पलीकडं मात्र सलग हिरवं, एक चाकोरी ओळखू येत नव्हती. सुगत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला.

"पलीकडचं रान लई झकास उगवलंय," वीरण्णा म्हणाला. "ते राहू द्या. बाभळीअलीकडची पट्टी तेवढी द्या मला. खड्ड्याला लागूनच हाय, मशीन सरळ आत येतं."

"आई, बाबांनी शब्द दिलाय," सुगत म्हणाला.

केरबानं घसा साफ केला. "आता एवढ्या लांबून आलेच हायती तर..."

नागुबाईनं नवऱ्याचा तो आवाज ओळखला. हाच आवाज. कुणाचं मन मोडवत नाही म्हणून स्वतःचं रान मोडून देणारा. याच आवाजानं खड्डा पाडला होता.

"न्हाई," ती म्हणाली.

"काकू, मी म्हनतो, निदान..." वीरण्णा म्हणाला.

"न्हाई म्हणलं ना! पट्टे कशानं पडले ते आता आमाला ठावं झालंय. रान द्यायचं न्हाई. अलीकडचं बी न्हाई अन् पलीकडचं बी न्हाई."

वीरण्णानं खांदे उडवले आणि गाडीकडं वळला. सुगत आईकडं बघत राहिला, मग त्याच्यामागं गेला. "अगं, निदान चहा तरी विचारायचा," केरबा हळूच म्हणाला आणि तिच्या एका नजरेसरशी गप्प झाला. तिला मोठं मैदान मारल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही, नुसतं थकल्यासारखं वाटलं. हा एक शब्द किती स्वस्त होता.

अख्तरी खड्ड्याच्या काठाशी उभी होती. नागुबाई तिच्या शेजारी जाऊन थांबली.

"मी ह्यांना लई डाव म्हणाले, हवा कमी भरा म्हणून केरबादादाला सांगा," अख्तरी म्हणाली. "न्हाई सांगितलं. मग एक दिवस मीच निघाले. सांगणारच होते, वैनी. तुमच्या दारापतुर आले."

"मग?"

"तुमी पंप मारीत होताव."

नागुबाईला तो दिवस आठवला. आपलं हसणं आठवलं, आणि आपण काय बोललो होतो तेही. इतके दिवस केरबाच्या भिडेला ती नावं ठेवत होती. आणि अख्तरीच्या तोंडातला शब्द तिनंच, हसत हसत, आत ढकलला होता. माफी मागावी तर कुठल्या तोंडानं, आणि मागून खड्डा थोडाच भरणार होता.

यंत्रात राहिलेलं पसाभर बी तिनं नांगे, म्हणजे मोकळ्या राहिलेल्या जागा, भरायला म्हणून पदरात बांधून आणलं होतं. त्यातलं अर्धं तिनं अख्तरीच्या ओंजळीत ओतलं. दोघी पट्ट्यांत उतरल्या आणि जिथं उगवलं नव्हतं तिथं एकेक दाणा टोचायला बसल्या. माती अजून इतकी घट्ट होती, की खुरप्याचं टोक आत जाईना.